लाईट (रेडिओथेरपी) दिलेला जबडा: दात सांभाळणं, तोंड उघडतं ठेवणं आणि हाड उघडं पडलं तर

२०२१ च्या गणपतीत आईला मऊ भात भरवत होतो. चमचा खालच्या डाव्या हिरडीला लागला आणि खट्ट वाजला. तिथली दाढ काढून दोन महिने झालेले. दात नाही तिथं वाजायला काय आहे?

"काय तर टोचायलंय बघ. दाढेचं मूळ ऱ्हायलंय वाटतं," आई म्हणाली.

मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर हिरडीत तांदळाच्या दाण्याएवढं पिवळट, कोरडं काहीतरी दिसलं. ते तिच्या जबड्याचं हाड आहे हे कळायला आम्हाला आणखी सहा आठवडे आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स लागले.

आई निपाणीकडची. आमच्याकडे तंबाखू आधी शेतात, मग तव्यावर, मग तोंडात. चाळीस वर्षं सकाळी मिश्री लावल्याशिवाय तिनं चुलीला हात लावला नाही. २०१९ साली गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि नंतर तीस वेळा लाईट दिली. कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट, कुणी शेक. सगळं एकच, रेडिओथेरपी, म्हणजे किरणांनी कॅन्सर मारायचा उपचार. कॅन्सर गेला. दोन वर्षांनी खालची दाढ दुखायला लागली, आणि तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दहा मिनिटांत ती काढून दिली. डॉक्टरांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. चूक कुणाची यावर घरात बरंच बोलून झालंय. त्यानंतर मोठ्या दवाखान्यांच्या बाकांवर बसून जे शिकलो, ते इथं क्रमानं लिहितो. औषधांची नावं लिहिली आहेत ती डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून. मेडिकलमधून स्वतःच आणून घ्यायला नव्हे.

जबड्याला नेमकं काय होतं

शेतकऱ्याला हे पटकन कळतं. खालच्या जबड्याच्या हाडाला रक्त मुख्यतः एकाच धमनीतून मिळतं, जसं एखाद्या शेताला एकाच पाटाचं पाणी. लाईटमुळे हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात आणि भोवतीचा मऊ भाग कडक, दोरीसारखा होतो. उभं पीक कसंबसं तगतं. पण त्या शेतात खड्डा काढला, म्हणजे दात उपटला, की तो भरून काढायला पाणी पुरत नाही. जखम उघडी राहते, हाड मरायला लागतं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात, डॉक्टर मंडळी नुसतं ओआरएन. लाईट दिलेल्या भागात हाड उघडं पडलं, तीन महिने झाले तरी भरलं नाही आणि तिथं कॅन्सर परतलेला नाही, अशी त्याची ढोबळ व्याख्या. वरच्या जबड्याला रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून तिथं हे कमी होतं.

डोस जितका जास्त तितका धोका जास्त. तोंडाच्या कॅन्सरला साधारण ६० ते ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोस देतात, रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. ६० ग्रेच्या वर जबड्याचा धोका ठळकपणे वाढतो. पहिल्या तीन वर्षांत प्रकार जास्त दिसतात. पण दहा-पंधरा वर्षं झाली, आता काही होत नाही, असं धरून चालू नका. हाड पूर्वीसारखं होत नाही.

दुसरा त्रास तोंड न उघडण्याचा. चावण्याचे स्नायू आखडतात. तिसरा, लाळ आटते आणि दात हिरडीच्या कडेशी गोलाकार किडून मुळापासून मोडतात. हे तिन्ही एकमेकांना हात देतात. लाळ नाही म्हणून दात किडतो, तोंड उघडत नाही म्हणून ब्रश आत जात नाही, शेवटी दात काढायची पाळी येते, आणि दात काढला की हाड उघडं.

लाईट सुरू व्हायच्या आधी

ज्यांची लाईट अजून सुरू व्हायची आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा, कारण पुढचा निम्मा त्रास इथंच टळतो. पहिल्या तारखेआधी दातांच्या डॉक्टरांकडून सगळे दात तपासून घ्या आणि ओपीजी नावाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. खालच्या जबड्यातली, लाईटच्या टापूत येणारी, हलणारी किंवा फार किडलेली दाढ असेल तर ती आत्ताच काढायची. काढल्यावर जखम भरायला दोन ते तीन आठवडे मिळायला हवेत. ऑपरेशन होणारच असेल तर त्याच भुलीत दात काढता येतात का, हे सर्जनला विचारा. आमच्या बाबतीत हे कुणी सुचवलं नाही आणि आम्हाला विचारायचं ठाऊक नव्हतं. मात्र दातांच्या नादात लाईट लांबवू नका. कॅन्सर थांबून राहत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, लाजू नका.

लाईट संपली की उपचाराचा सारांश मागून घ्या. एकूण ग्रे, किती फ्रॅक्शन म्हणजे किती वेळा लाईट, कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. हा कागद पुढं दातांच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी लागतो. आमचा कागद पावसात भिजला, म्हणून सांगतो, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

लाईट चालू असताना

तोंडात फोड येतात, ब्रश नकोसा होतो. तरी अगदी मऊ ब्रश चालू ठेवायचा. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. कवळी असेल तर काढून ठेवा. अल्कोहोलवाला माउथवॉश झोंबतो, तो नको. तोंड उघडण्याचा व्यायाम याच काळात हलक्या हातानं सुरू करायचा, कारण आखडायला सुरुवात इथूनच होते.

दातांची रोजची राखण

फ्लोराइड हा इथला मुख्य गडी. साध्या पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, फ्लोराइड असतं. लाईट झालेल्यांना बहुतेक वेळा १.१ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराइडची जेल सांगतात, त्यात त्याच्या पाचपट. दातांच्या मापाचा मऊ ट्रे बनवून मिळतो. रात्री ब्रश झाल्यावर त्यात जेलची पातळ रेघ ओढायची, डॉक्टरांनी सांगितली तितकी मिनिटं, साधारण पाच ते दहा, ट्रे दातांवर ठेवायचा, मग थुंकायचं. चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. तोंड ट्रे जाण्याइतकं उघडत नसेल तर जेल ब्रशनं लावा. हे दात आहेत तोवर रोज. कंटाळा येतो, मान्य.

कोरड्या तोंडासाठी पाण्याची बाटली कायम जवळ, घोट घोट. बिनसाखरेचं च्युइंग गम जमत असेल तर चांगलं. लिंबू, चिंच, आवळकाठी चोखून लाळ सुटते खरी, पण आम्लानं दात झिजतात. गोळ्या-चॉकलेटं तर नकोतच. आणि आपल्या बेळगावचा कुंदा! दातांच्या फटीत बसतो आणि लाळ नसल्यानं तिथंच मुक्काम करतो. सणाला चमचाभर खा, पण जेवणाबरोबरच, आणि लगेच तोंड धुवा.

मिश्री बंद, तंबाखू बंद, बिडी बंद. "नुसती सुपारी चालंल की, तंबाखू कुठं आहे त्यात?" हे मी आमच्याच पै-पाहुण्यांकडून डझनभर वेळा ऐकलं. नाही चालत. सुपारीनं गालाची कातडी आतून कडक होते. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड कॅन्सरच्या आधीच आखडलेलं असतं, त्यात लाईटची भर पडते.

दातांची तपासणी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी. मानेला लाईट झाली असेल तर थायरॉइडही मंदावू शकतं, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी बघतात. जबड्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण रक्त देताना आठवणीनं सांगा.

तोंड उघडण्याचा व्यायाम

आधी माप. पारदर्शक पट्टी घ्या, आरशासमोर जमेल तितका आ करा आणि वरच्या पुढच्या दाताच्या टोकापासून खालच्या दाताच्या टोकापर्यंत मिलिमीटर मोजा. ३५ मिलिमीटरच्या खाली आलं की त्याला ट्रिसमस म्हणतात. पट्टी नसेल तर स्वतःची तीन बोटं उभी घालून बघा. तिन्ही गेली तर ठीक. आईचं एकच बोट जात होतं, दुसरं दातांत अडकायचं. मापलं तर १९ मिलिमीटर.

जबडा उघडायची तयार उपकरणं मिळतात, परदेशी असली की महाग पडतात. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांवर काम भागवलं. काड्या स्टेशनरीच्या दुकानात गठ्ठ्यानं मिळतात, शाळेच्या क्राफ्टच्या. रंगीत घेऊ नका, रंग सुटतो. दहा काड्यांची गड्डी पट्टीनं मोजली की एका काडीची जाडी कळते. आमची दोन मिलिमीटरला जरा कमी होती. आईचा क्रम असा होता:

१. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल पाच मिनिटं गालावर. लाईट झालेल्या कातडीला चटका कळत नाही, म्हणून आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा.

२. दोन बोटांनी गालाचा चावण्याचा स्नायू गोल गोल चोळायचा. दात आवळले की कानापुढं जो गोळा हाताला लागतो, तोच.

३. सहज जातील तितक्या काड्यांची गड्डी दातांमध्ये ठेवायची. आईच्या नऊ जायच्या. मग मधे एक काडी हळूच सरकवायची. ताण लागला पाहिजे, कळ येता कामा नये.

४. तीस सेकंद धरायचं. श्वास रोखायचा नाही. काढायचं, थोडा विसावा.

५. असं पाच वेळा. आणि ही अख्खी फेरी दिवसातून पाच वेळा.

६. मग जबडा डावीकडे-उजवीकडे, पुढं-मागं, प्रत्येकी पाच वेळा.

काड्या कुठल्या दातांवर टेकवायच्या हे पहिल्यांदा फिजिओ किंवा दातांच्या डॉक्टरांकडूनच बघून घ्या. हलणाऱ्या दातावर गड्डीचा भार आला तर दातच निखळतो, आणि मग पुन्हा तेच रामायण. हाड उघडं पडलेलं असेल तर विचारल्याशिवाय काडी तोंडात घालायची नाही, कमजोर जबडा मोडू शकतो.

पाच वेळा म्हणजे केव्हा, हा खरा प्रश्न. आम्ही तो घरातल्या कामांना बांधला: सकाळचा चहा, अंघोळीनंतर, दुपारच्या जेवणाआधी, दिवेलागण, झोपताना. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात रोज काड्यांचा आकडा. पहिले तीन आठवडे नऊ, नऊ, नऊ. आईनं काड्या चुलीत घालायची भाषा केली. पाचव्या आठवड्यात दहा आल्या. आठ महिन्यांनी पंधरा. २८ मिलिमीटरच्या पुढं ती गेली नाही, पण तेवढ्यात भाकरीचा तुकडा आणि लहान ब्रश आत जातो. सोडलं की पुन्हा आखडतं. एका लग्नाच्या गडबडीत बारा दिवस सुटले आणि दोन काड्या गेल्या.

एक खूण ध्यानात ठेवा. व्यायाम नीट चालू असताना तोंड अचानक कमी उघडायला लागलं तर जोर वाढवू नका, दवाखाना गाठा. पू झालेला असतो, नाहीतर कॅन्सर परतलेला असू शकतो.

दाढ दुखायला लागली तर

लवंगेचं तेल, चुना, तुरटी, आणि आमच्याकडचं खास म्हणजे दुखऱ्या दाढेत मिश्री दाबणं, यातलं काही नको. सुई किंवा काडीनं कोरणं तर अजिबात नको.

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्याआधी पहिलं वाक्य हे: "इथं लाईट झाली आहे." आणि कागद पुढं. दाताचा वरचा भाग गेला तरी मूळ वाचवता येत असेल तर रूट कॅनाल करून वरचा भाग कापतात आणि मूळ हाडातच ठेवतात. दिसायला विचित्र वाटतं, पण हाडाला धक्का लागत नाही. रूट कॅनाल लाईटनंतरही करता येते.

दात काढण्यावाचून इलाज नसेल तर तो तोंड-जबड्याच्या सर्जननं, लाईटचा डोस माहीत करून घेऊनच काढावा. एका वेळी एक-दोनच दात, हाडाला कमीत कमी इजा, धारदार कडा घासून वर टाके, आधी-नंतर अँटिबायोटिक, आणि जखम भरेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणी. दात लाईटच्या टापूबाहेरचा असेल तर एवढी भीती नाही, पण ते त्या कागदावरून ठरतं, अंदाजानं नव्हे.

दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा उपाय, म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन, कुणीतरी सुचवेलच. १९८० च्या दशकात त्याचा मोठा बोलबाला झाला. दात काढण्याआधी वीस आणि नंतर दहा बैठका अशी पद्धत होती. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत, दात काढताना किंवा इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) बसवताना तो दिल्यानं हाड मरण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. तेव्हा त्यासाठी जमीन गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

हाड उघडं पडलं तर

ओळखायचं कसं? जिभेला खरखरीत, टोकदार लागतं. तोंडाला कुजकट वास येतो. पू येतो. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होते. जबड्याखाली कातडीला भोक पडून त्यातून पाणी झिरपतं. काहींना दुखत नाही, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. आईलाही पहिल्यांदा फक्त टोचत होतं.

पहिलं काम म्हणजे तिथं कॅन्सर नाही ना याची खात्री. त्यासाठी सीटी स्कॅन आणि गरज पडली तर तुकडा काढून तपासणी. मग ते किती पसरलंय त्यावर उपचार. थोडंसं असेल तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या, सलाइननं धुणं, पू असेल तेव्हा अँटिबायोटिक, आणि जिभेला लागणारी टोकं घासणं. त्याबरोबर पेंटॉक्सिफायलिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि व्हिटॅमिन ई रोज १००० युनिट अशी जोडी बरेच डॉक्टर कित्येक महिने देतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा नुकताच कुठं रक्तस्राव झाला असेल तर हे आधी सांगायलाच हवं.

आईचं असंच चाललं. नवव्या महिन्यात एके सकाळी गुळणीबरोबर नखाएवढा हाडाचा तुकडा बेसिनमध्ये पडला. मेलेलं हाड असं सुटून येतं, मग खालून कातडी चढते. तो तुकडा आधीपासून हलत होता आणि चिमट्यानं ओढायचा मोह मला रोज व्हायचा. ओढू नका. अर्धवट सुटलेलं हाड ओढलं तर चांगलंही हाड सोबत येतं. पडलेला तुकडा डबीत घालून डॉक्टरांना दाखवा.

जबडा मोडला, बाहेर भोक पडलं किंवा हाड खालच्या कडेपर्यंत मेलं, तर तेवढा जबडा काढून पायाच्या नडगीशेजारचं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट तिथं बसवतात. मोठं ऑपरेशन आहे, पण गोळ्यांवर वर्षं काढून थकलेल्यांना त्यानं सुटका मिळते.

जेवणाचं थोडक्यात: नाचणीची आंबील, तुपाचा मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, उकडलेलं रताळं दुधात, अंडं, घट्ट वरण. संकेश्वरी मिरची आईला अजून सोसत नाही. वजन दर आठवड्याला लिहा.

कुठं जायचं, पैशाचं कसं

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग तिथं मिळतो, आणि गल्लीतल्या दवाखान्यापेक्षा लाईट झालेला दात तिथं दाखवलेला बरा. सरकारीत बिम्स या बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय. कॅन्सरसाठी आपल्या भागातले लोक हुबळीच्या नवनगरातल्या कॅन्सर रुग्णालयात, मिरज-कोल्हापूरला किंवा मुंबईत परळच्या टाटाला जातात. जिथं लाईट झाली तिथली फाइल सोबत हवीच.

कर्नाटकच्या आयुष्मान योजनेत बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. मोठ्या उपचाराला सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते आधी घ्या, भरती झाल्यावर धावाधाव होते. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला आणि कर्नाटकनं त्याला हरकत घेतली. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि सध्या कोणती कागदपत्रं चालतात, हे निघण्याआधी त्या रुग्णालयाच्या योजनेच्या खिडकीवर फोन करून विचारा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

पाकिटातलं कार्ड

आमच्या भागात आई एका दवाखान्यात मराठीत बोलते, दुसऱ्यात नर्स कन्नडमध्ये "अज्जी, बायी तेगीरी" (आजी, तोंड उघडा) म्हणते आणि रिपोर्ट इंग्रजीत असतो. म्हणून आम्ही एक कार्ड केलं. एका बाजूला इंग्रजी: नाव, लाईटच्या तारखा, ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, डावी बाजू, सर्जनचा नंबर. दुसऱ्या बाजूला मराठी आणि कन्नड. कन्नड मजकूर कन्नड शाळेत जाणाऱ्या माझ्या पुतणीनं लिहिला, जाड स्केचपेननं: "हल्लु कीळबेडी," म्हणजे दात काढू नका. खाली मराठीत आईनं स्वतः, वाकड्या अक्षरात: "विचारल्याबिगर दात काढू नये." लॅमिनेट करून ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय, कारण घर सोडताना ती पिशवी ती कधी विसरत नाही.